पदरची पानं

कोटाला काजं-बटणं होऊन तो इस्त्रीच्या टेबलावर येईपर्यंत इस्त्रीवाल्याला काम नसतं. सकाळी असतं. शिवणी दाबायच्या, कॉलरी बसवायच्या, मान वर करायला फुरसत नसते. पण जेवण झाल्यापासून चहापर्यंत गडी मोकळा. त्या मोकळ्या वेळात हा पुस्तक वाचायचा, तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणून त्याचं नाव पडलं रेडिओ.

आधी तो मनातल्या मनातच वाचायचा. एकदा वाफेने त्याचा तळहात भाजला. हे भलंमोठं बँडेज. घरी बसून जीव उबगला म्हणून तो कोटांच्या कारखान्यात आला आणि मागच्या खोलीत हातकामाच्या टेबलापाशी पुस्तक उघडून बसला. तिथे वहिनी कोटाच्या अस्तराला तुरपाई करत होती. तिचा नवरा बाहेर मशीनवर, म्हणून ती सगळ्यांचीच वहिनी.

"मघापासून एकटाच काय हसतोस रे?" ती म्हणाली. "डोक्यालापण वाफ लागली की काय? आम्हालाही कळू दे."

त्याने ते पान मोठ्याने वाचलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. हात बरा झाला, बँडेज निघालं, वाचन काही निघालं नाही.

त्या खोलीला एकच मोठी खिडकी. खिडकीखाली लांब टेबल. उजेडाच्या सगळ्यात जवळ मावशी, कारण काजं घालायचं काम सगळ्यात बारीक. कापडाला चीर द्यायची आणि तिच्या कडेने दोऱ्याचे टाके असे बसवायचे की दाण्याला दाणा लागला पाहिजे. मावशीने आयुष्यभर तेच केलं होतं. तिच्या शेजारी वहिनी, आणि टोकाला बटण. बटण म्हणजे माणूस. बटणं लावायचा आणि स्वतःही बुटका, गोल, चकचकीत टकलाचा. पातळ फळीच्या पलीकडे मास्तर. तेच मालक, तेच कापणारे.

मास्तरांचा कान सतत फळीला. गोष्टीसाठी नाही, हातांसाठी. कात्रीचा आवाज, टेबलावर बोटातलं अंगुस्तान ठेवल्याचा टक आवाज, ताणलेल्या दोऱ्याची सुर्र. गोष्ट रंगात आली की हे सगळे आवाज बंद व्हायचे. लगेच फळीपलीकडून ओरडा यायचा, "हात!" आणि हात पुन्हा चालू व्हायचे.

मास्तरांना कादंबरी या प्रकाराचा राग होता. "थापा आहेत त्या," ते म्हणायचे. "न घडलेलं घडलं म्हणून सांगायचं. आणि माणसं रडतात! अरे, मेलं कोण? कोणीच नाही."

"मास्तर," मावशी काज घालता घालता म्हणायची, "एवढा जाडजूड ग्रंथ लिहायला कोणी बसेल, तो काय खोटं बोलायला? खोटं बोलायला दोन शब्द पुरतात. तुम्ही नाही का गिऱ्हाइकाला सांगत, 'उद्या तयार'?"

बटण एवढं हसायचं की हातातलं बटण घरंगळून टेबलाखाली जायचं.

रेडिओला या वादात पडायला आवडायचं नाही. त्याला वाद घालता यायचाच नाही मुळी. शाळा सुटलेली, पुढचं जे काय शिकला ते रद्दीच्या दुकानात उभा राहून. पण आतून त्याला एक गोष्ट पक्की माहीत होती. त्याचा बाप त्याला फार मारायचा. का मारतो ते कळायचं नाही. मग एका कादंबरीत एक बाप भेटला, जो कामावरून काढून टाकतील या भीतीने दिवसभर गप्प राहायचा आणि घरी येऊन पोराला धुवायचा. रेडिओने ते पान परत परत वाचलं होतं. असं काही कोणी त्याला सांगितलं नव्हतं, बापाने तर नाहीच नाही. आणि ज्याने लिहिलं त्याने ते मनाने रचलेलं. तरी बापाच्या पोटातली भीती त्याला पहिल्यांदा दिसली ती तिथेच. नंतर म्हातारा आजारी पडला तेव्हा रेडिओने त्याचे पाय चेपले. मनापासून चेपले. ते पान नसतं तर चेपले असते का, देव जाणे.

तर झालं असं, की रद्दीत त्याला एक निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी मिळाली. एका रफू करणाऱ्या बाईची. पहिल्याच पानावर ती बाई सुईत दोरा ओवते. दोरा तिरका कापते, टोक ओठात धरून ओलं करते, आणि ओवताना तिच्या जिभेचं टोक बाहेर येतं.

"थांब थांब," मावशी म्हणाली. "लिहिणारा बाई आहे का पुरुष?"

"पुरुष."

"मग त्याची आई शिवत असणार. नाहीतर त्या मेल्याला कसं कळलं?"

"त्यात काय, तुमचीपण जीभ बाहेर येते," वहिनी म्हणाली.

"माझी? कधी?"

"आत्ता आहे."

मावशीने जीभ आत घेतली. त्या दिवसापासून ती बाई टेबलावरचीच एक झाली. तिच्या सासूला शिव्या देणं, तिच्या मुलाचं लग्न जमतंय का याची काळजी करणं, सगळं सुरू झालं. बटण तर म्हणालं, "तिला म्हणावं इकडे ये, आपल्याकडे अस्तराला माणूस कमी आहे."

आता दुसरी गोष्ट. ही टेबलावर सगळ्यांना माहीत होती आणि कोणी बोलायचं नाही. मावशीचे डोळे.

सुरुवात दोऱ्यापासून झाली. "हल्ली दोरा जाड येतो." मग सुयांची भोकं लहान झाली. मग खिडकीची काच कोणी पुसत नाही असं झालं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. वहिनीने काच पुसली, दोन्ही बाजूंनी पुसली, तरी मावशीला अंधारच. मग रेडिओने एक काम सुरू केलं. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं आणि मावशीच्या टाचण्यांच्या उशीत दोरे ओवलेल्या सुया टोचून ठेवायच्या, काळ्या एका बाजूला, निळ्या दुसऱ्या बाजूला. मावशी यायची, उशी चाचपायची, एक सुई उचलायची. "काल जाताना ओवून ठेवल्या होत्या," ती आपणहून सांगायची. कोणी विचारलेलं नसायचं. वहिनी मान डोलवायची. बटण छताकडे बघायचं.

रेडिओ पुस्तक नेहमी एक पाऊल पुढे वाचून ठेवायचा, म्हणजे मोठ्याने वाचताना अडखळायला होत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो घरी निळी कादंबरी घेऊन आडवा झाला आणि पुढचा भाग वाचता वाचता उठून बसला. रफूवाल्या बाईचे डोळे जात होते. ती कोणाला सांगत नव्हती. पोरगा डॉक्टरकडे चल म्हणायचा, ती आज-उद्या करायची. आणि मग एक प्रकरण होतं, छोटंसंच. ते वाचून रेडिओने पुस्तक मिटलं.

हे मावशीसमोर वाचायचं? तिच्या तोंडाकडे बघत?

पुस्तक बदलावं असं आधी वाटलं. पण वहिनी सोडणार नव्हती. मुलाचं लग्न जमलं का, हे कळल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. मग त्याला वाटलं, बदलायचं तर पुस्तक कशाला, तेवढी पानंच बदलू. कोण बघायला येतंय?

आणि त्याने ते केलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर डोळे पानावर ठेवले आणि तोंडाने दुसरंच सांगत गेला. ती बाई काम बाजूला ठेवून बहिणीकडे राहायला गेली. सकाळी गार पाण्याने डोळे धुवायची, दुपारी झोपायची, संध्याकाळी लांब टेकडीकडे बघत बसायची. आणि एके दिवशी उठली तर समोरच्या भिंतीवर एक मुंगी चालली होती, आणि तिला त्या मुंगीचे पाय दिसले. रेडिओ बरोबर वेळेवर पान उलटायचा. जमलं. मुंगी तर त्याला ऐन वेळी सुचली होती.

वहिनीने पदराने डोळे पुसले. बटण म्हणालं, "वा! सुटली बिचारी." फळीपलीकडून "हात!" आलं.

मावशी कोट नाकाजवळ धरून काज घालत राहिली. पण तिचा चेहरा असा दिसत होता, जशी कोणी पाठीवरची गोणी उतरवून घेतली असावी. रेडिओला बरं वाटलं. कसं सांगू, फारच बरं वाटलं. लेखकाला जमलं नाही ते आपण केलं, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं.

थोडेच दिवस गेले. वाचायला बसायची वेळ झाली होती, तेवढ्यात मावशीची लेक आली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती. दुकानाचा पांढरा कोट अंगात तसाच, चेहरा लाल.

"इथे कोण आहे डॉक्टर?" तिने दारातूनच विचारलं.

"काय झालं गं?" वहिनी उठली.

"आईला कोणी सांगितलं, विश्रांतीने डोळे परत येतात म्हणून?"

"तू घरी चल," मावशी म्हणाली. "इथे तमाशा नको."

"तमाशा तू केलास. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली, मी रजा काढली, आणि ही बाई काल डॉक्टरांना तोंडावर सांगून आली, मला नाही करायचं ऑपरेशन." लेक सगळ्यांकडे वळली. "काचबिंदू आहे तिला. मोतीबिंदू असता तर एवढी घाबरले नसते. डोळ्यातला दाब वाढतो यात. जी नजर गेली ती गेली, परत येत नाही. उरलीये तेवढी वाचवायची. आणि ही म्हणते मी बहिणीकडे जाते आणि टेकडीकडे बघत बसते!"

ऑपरेशनचं, डॉक्टरचं, तारखेचं कोणालाच माहीत नव्हतं. मावशीने पत्ता लागू दिला नव्हता.

"कुठून आणलंस हे?" लेकीने आईला विचारलं.

"पुस्तकात आहे," मावशी म्हणाली. "छापलेलं आहे."

वहिनीने रेडिओकडे बघितलं. बटणाने रेडिओकडे बघितलं. रेडिओने हातातल्या निळ्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

त्या दिवशी वाचन झालं नाही. संध्याकाळी तो मावशीला बस थांब्यापर्यंत सोडायला गेला. ती फूटपाथची कड पायाने चाचपत होती. हे त्याने आधी कधी पाहिलंच नव्हतं.

"मावशी, ती कादंबरी आहे गं. रचलेली असते."

"असू दे. कोटही रचलेलाच असतो. पण अंगाला बसतो ना?"

"अगं, पण ती बाई खरी नाही."

"हे बघ," मावशी थांबली. "ती दोरा तिरका कापते, हे खरं का खोटं?"

"खरं."

"जीभ बाहेर काढते?"

"खरं."

"सासू समोर असली की तिचा टाका मोठा पडतो. खरं? माझा आयुष्यभर पडला. हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. एवढं सगळं ज्याला खरं माहीत, तो नेमकं डोळ्याच्या बाबतीतच खोटं बोलेल? का बोलेल? माझ्याशी काय वैर आहे त्याचं?"

रेडिओ बस येतेय का ते बघत राहिला. बस आली. मावशीने नंबर विचारला, त्याने सांगितला.

परत जाताना तो स्वतःलाच शिव्या घालत होता. त्या लिहिणाऱ्याने एक एक खरी गोष्ट टाक्यासारखी घालत घालत मावशीचा विश्वास कमावला. किती वर्षं बघत बसला असेल तो कोणाच्या तरी हातांकडे. आणि आपण त्याच्या नावावर आपली मुंगी खपवली. करायला गेलो काय आणि झालं काय.

तरी सांगायची हिंमत नव्हतीच. कबूल करायला पाहिजे. सांगितलं तर मावशी तोंड बघणार नाही, आणि मास्तर जन्मभर ऐकवतील. त्याने ठरवलं, लेक आहेच समजावायला. होईल काहीतरी.

सकाळी इस्त्रीच्या टेबलावर आदल्या दिवसाचे कोट आले. काळे, लग्नात घालायचे. रेडिओने पहिला कोट दिव्याखाली पसरला, वाफ सोडली आणि हात वरच राहिला. काळ्या कोटाला निळी काजं होती. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही. वरच्यापासून खालच्यापर्यंत, सुरेख, दाण्याला दाणा लागलेली, गडद निळी काजं.

त्याने आदल्या सकाळी घाईत उशीच्या बाजू बदलल्या होत्या. निळ्या सुया काळ्यांच्या जागी टोचल्या होत्या. मावशीने हाताला जी लागली ती सुई उचलली. तिला रंग दिसलेच नव्हते. बोटांच्या सवयीवर तिने अख्खा दिवस काढला होता. आणि लेकीच्या त्या गोंधळात बाकी कोणाचंही कोटांकडे लक्ष नव्हतं.

त्याने वहिनीला बोलावलं. तिने कोट पाहिले, तोंडावर हात ठेवला, आणि मग लगेच दाराकडे बघितलं.

"मास्तरांना दाखवू नकोस. आण इकडे. जेवायच्या सुट्टीत मी आणि बटण मिळून उसवतो, काळ्याने परत घालतो. तिला कळणारसुद्धा नाही."

"तेच तर," रेडिओ म्हणाला.

"काय तेच तर?"

"वहिनी, आपण हेच करतोय कधीपासून. मी सुया ओवतो, तुम्ही काच पुसता, आता काजं उसवू. तिला वाटतंय थोडाच अंधार आहे. बाकीचा सगळा आपण झाकून ठेवलाय."

वहिनीने पसरलेला कोट घडी करून ठेवला. मग म्हणाली, "मग काय करायचं म्हणतोस?"

जेवण झालं. सगळे टेबलावर बसले. मावशीही बसली, कारण लेकीशी भांडण झालं तरी काजं थांबत नाहीत. रेडिओने पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "ते बहिणीकडे जाणं, गार पाणी, मुंगी... ते पुस्तकात नाहीये. ते मी पदरचं घातलं."

बटणाच्या हातातून बटण पडलं. कोणी उचललं नाही.

"पदरचं?" मावशीने विचारलं.

"पानावर वेगळं होतं. मला वाचवेना. म्हणून मी मनाने सांगितलं."

फळीपलीकडून कात्री ठेवल्याचा आवाज झाला. मास्तर दारात येऊन उभे राहिले. आता हे बोलणार, रेडिओने मान खाली घातली. थापांमध्येही भेसळ, असंच काहीतरी. पण मास्तर नुसते उभे होते.

मावशीने अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. "माझी कीव आली होय रे तुला?"

"भीती वाटली."

"कशाची? मी रडेन म्हणून? लहान मूल आहे मी?" तिचा आवाज चिरकला. "अरे, ऑपरेशनने डोळे वाचतील म्हणून घरी लेक खोटं बोलत असेल, डॉक्टर खोटं बोलत असेल, माणसं गोड बोलतात हे मला कळतं. पुस्तकाला काय गरज गोड बोलायची, म्हणून मी विश्वास ठेवला! त्याला मी कोण, माहीतसुद्धा नाही!"

रेडिओ पुस्तक मिटायला लागला.

"वाच," मावशी म्हणाली. "काय आहे ते वाच. आणि एक अक्षर इकडचं तिकडे केलंस तर ही सुई बघितलीस?"

त्याने वाचलं. शब्द जसे होते तसे. फार नव्हतंच. रफूवाली बाई जिना चढून घरी येते. जिन्यात अंधार आहे. ती शेजारणीवर चिडते, दिवा का लावला नाही म्हणून. शेजारीण काही बोलत नाही. ती घरात येते, खुर्चीवर बसते, फाटलेली शाल मांडीवर घेते आणि मुलाला म्हणते, दिवा लाव. मुलगा म्हणतो, लावलाय, आई. ती म्हणते, मग जवळ आण. मुलगा म्हणतो, जवळच आहे. ती हात पुढे करते, आणि दिव्याची ऊब तिच्या बोटांना लागते.

एवढंच. पुढे लेखक काही म्हणत नाही. पुढचं प्रकरण मुलाच्या लग्नाचं.

सगळे हात थांबलेले होते. "हात!" कोणी म्हणालं नाही. मास्तरांचे स्वतःचे हात चौकटीवर होते.

मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग तिने विचारलं, "जिन्याचं आहे तिथे? खरंच आहे? का हेही पदरचं?"

"नाही गं. आहे. ही बघा वहिनी, ही ओळ." वहिनीने वाकून पाहिलं आणि मान हलवली. "आहे, मावशी."

"मागच्या आठवड्यात," मावशी हळू आवाजात म्हणाली, "मी आमच्या खालच्या बाईशी भांडले. जिन्यातला बल्ब गेला तरी कोणी लावत नाही म्हणून. तोंडाला येईल ते बोलले. ती उभी राहून ऐकत होती बिचारी. घरात गेल्यावर लेक म्हणाली, आई, बल्ब चालू आहे. मी म्हटलं, आत्ता लावला असेल माझ्या ओरडण्याने. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. लेक सांगणार नाही. त्या माणसाला कसं कळलं?"

रेडिओला एवढंच वाटलं, की या खोलीतल्या कोणाला मावशीचा जिना माहीत नव्हता. रोज शेजारी बसणाऱ्यांना नव्हता. आणि निळ्या पुठ्ठ्यात तो होता.

मग त्याने काळे कोट आणून तिच्यासमोर ठेवले. "मावशी, काल तू काळ्याला निळं घातलंस. सुया मी ओवून ठेवतो रोज. काल माझ्याकडून बाजू बदलल्या."

मावशीने काजावरून बोट फिरवलं. "घातलीत तर सुरेख," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला लागली. वहिनीने तिला धरलं.

"मास्तर," मावशी नाक पुसत म्हणाली, "मी चालले. लेकीच्या दुकानात जाते. तारीख परत मिळते का बघते. पण हे कोट उद्याचे आहेत."

"जा तुम्ही," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाला सांगतो, 'उद्या तयार'. सवय आहे मला."

तारीख मिळाली. ऑपरेशन झालं. मावशी घरी होती तेवढे दिवस काजं वहिनीने घातली, आणि मास्तर रोज ती हातात घेऊन उसासा टाकायचे. वाचन चालू होतं, पण वेगळं पुस्तक. निळी कादंबरी मावशीशिवाय पुढे वाचायची नाही, हे न बोलता ठरलं होतं.

एक दिवस लेक आली. या वेळी दारातून ओरडली नाही. रेडिओच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. डाव्या डोळ्याची कड गेली ती गेली. बाकीचं वाचलं." मग म्हणाली, "त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते जाऊ दे. पण महिनाभर मी तिला चिठ्ठ्या दाखवत होते, तपासण्या दाखवत होते, डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. एक शब्द आत शिरला नाही. तू असं वाचलंस तरी काय?"

"जसं होतं तसं," रेडिओ म्हणाला. "दुसऱ्यांदा."

"मग आभार कोणाचे मानायचे? तुझे का त्याचे?"

"त्याचे मान. माझे मानायला लागलीस तर पहिल्या वाचनाची वजाबाकीच होईल."

ती हसली. जाताना तिने निळं पुस्तक मागून घेतलं, पहिलं पान उघडून लेखकाचं नाव वाचलं, ओठातल्या ओठात, आणि परत दिलं.

मावशी परत आली ती गडद काचांचा चष्मा लावून. बटणाने उठून सलाम ठोकला. "या साहेब!"

"बस खाली. तुझं टक्कल अजून चमकतंय, म्हणजे ऑपरेशन नीट झालं."

ती आपल्या जागेवर बसली. खिडकीकडे पाहिलं, काच एका बोटाने पुसली, बोट बघितलं. "स्वच्छ आहे हो," वहिनीला म्हणाली. मग रेडिओकडे वळली. "आण ते निळं. पण पहिल्यापासून. मला परत सगळं ऐकायचंय, कुठे कुठे तू पदरचं घातलंयस कोणास ठाऊक."

"फक्त तेवढंच, शपथ."

"ती मुंगी," मावशी म्हणाली, "भिंतीवरची. तिचे पाय दिसले वगैरे. ती कुठून आणलीस?"

"सुचली."

"चांगली होती. झोपून होते तेव्हा सारखी आठवायची. पट्टी काढली तर आधी भिंतीकडेच बघितलं मी. नव्हती. पण चांगली होती. पुढच्या वेळी घाल, हवं तर. फक्त आधी सांगायचं, हे माझं आहे म्हणून. त्याच्या कोटाला तुझं काज नको."

फळीपलीकडून मास्तर खाकरले. "थापा आहेत त्या," ते म्हणाले. "पण मापाच्या आहेत." आणि कात्री चालू झाली.

रेडिओने पुस्तक उघडलं. सकाळी तो लवकर आला होता खरा, पण सुया ओवल्या नव्हत्या. उशी रिकामी होती. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मावशीने सवयीने उशी चाचपली. बोटं थांबली. मग तिने रीळ घेतलं, दोरा ओढला, तिरका कापला, टोक ओठात धरून ओलं केलं. सुई उजेडाकडे धरली. जिभेचं टोक बाहेर आलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. वहिनीचा हात पुढे निघाला होता, तो तिने मागे घेतला. तिसऱ्यांदाही चुकलं.

मावशीने सुई आणि दोरा टेबलावरून पुढे सरकवला, आणि अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"रेडिओ! ओव रे. मला नाही दिसत."

त्याने ओवून दिली. तिने काळा कोट ओढून मांडीवर घेतला.

"हं," ती म्हणाली. "आता वाच."